सात कोटींची शिल्लक आणि मास्तरांचा हिशेब

हिंगोली : फेब्रुवारी उजाडला की अर्थसंकल्पाची चर्चा सुरू होते. कापसाला काय भेटलं, सोयाबीनला काय भेटलं, कर्जाचं काय झालं, हे चावडीवर आणि चहाच्या टपरीवर बोललं जातं. याच महिन्यात, १९ तारखेला, एका माणसाची पुण्यतिथी येते. अर्थसंकल्पावर सरकारला उभं करून आकडे विचारायचे असतात, हे या देशाला ज्यांनी दाखवलं ते गोपाळ कृष्ण गोखले. शाळेच्या पुस्तकात ते महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून एका ओळीत येतात आणि तिथंच संपतात. त्यांचं खरं काम त्या ओळीच्या बाहेर आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. घरची परिस्थिती बेताची. वडील कृष्णराव कोल्हापूरकडे कागलला नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचं शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिन्याला १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापूरला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवायचे आणि उरलेल्या ७ रुपयांत सगळं घर चालायचं. आपल्याकडच्या किती घरांत थोरल्यानं शेतात राबून धाकट्याला शिकवलं, ते वेगळं सांगायला नको. गोपाळनं त्या ८ रुपयांचा हिशेब ठेवला, दिवा वाचवला, जेवण वाचवलं. १८८४ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून तो बी.ए. झाला, तेव्हा वय फक्त १८.

मोठ्या पगाराच्या नोकरीमागं न लागता त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तरकी धरली. पगार ३५ रुपये. पुढं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. म्हणजे २० वर्षं महिना ७५ रुपयांवर शिकवायचं, अशी शपथ. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. अंकगणितावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक देशभरातल्या शाळांत लागलं. पुढं कलकत्त्यात इंग्रज साहेबाला ज्यांनी बेरीज-वजाबाकी शिकवली, ते आधी पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवत होते, हे ध्यानात ठेवायला हवं.

आकड्यांचं वेड लावलं ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. रानड्यांनी या तरुण मास्तरला सरकारी अहवालांच्या ढिगाऱ्यासमोर बसवलं. जमीन महसूल किती, दुष्काळावर खर्च किती, फौजेवर किती, सगळं मूळ कागदावरून काढायचं. लिहून नेलं की रानडे चुका दाखवून परत पाठवायचे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम करता करता गोखले यात तयार झाले. दुसरे गुरू होते गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरला हेडमास्तर राहिलेले. सरकारी जमाखर्चाची त्यांच्याइतकी बारीक माहिती त्या काळात फार थोड्या लोकांना होती. गोखले पुढं कौन्सिलात गेले तेव्हा भाषणाच्या तयारीसाठी ते जोशींना पत्रं लिहून मदत मागत. जोशींचं नाव आज कोणी घेत नाही. पण कलकत्त्याच्या दरबारात जे आकडे वाजले, त्यांच्यामागं एका सोलापूरकर शिक्षकाचा दिवा जळत होता.

१८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले. वय ३१ सुद्धा पुरं नव्हतं. मोठ्या मोठ्या साहेबांनी उलटतपासणी घेतली, पण साक्ष गाजली. मात्र त्याच दौऱ्यात त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कडू प्रसंग घडला. पुण्यात तेव्हा प्लेग होता. प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या सोजिरांनी बायकांची विटंबना केल्याची पत्रं त्यांना पुण्याहून आली. त्यावर विश्वास ठेवून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रात ते सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पुण्यात तोवर धरपकड सुरू झाली होती, पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगणं म्हणजे त्यांना तुरुंगात ढकलणं. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत आणि जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. सभेत टवाळी झाली. हा डाग त्यांनी बरीच वर्षं सोसला. पण त्यानंतरची त्यांची भाषणं पाहिली तर एक गोष्ट दिसते: ज्याला सरकारी कागदाचा आधार नाही, असं वाक्य त्यांत सापडणं अवघड.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. वेळ वाईट होती. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. गुजरात, दख्खन, वऱ्हाड, मध्य प्रांत, सगळीकडं माणसं आणि जनावरं मेली. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यालाही त्याची झळ बसली. शेतसारा थकला. अशात १९०१ मध्ये मुंबई सरकारनं जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, अशा अटीवर. सरकारचं म्हणणं, सावकारापासून शेतकरी वाचेल.

ऐकायला बरं वाटतं. गोखल्यांनी विचारलं ते असं की गहाणाला जमीन चालत नसेल तर पेरणीला पैसा कोण देणार? सावकाराला हटवायचं तर त्याच्या जागी स्वस्त कर्जाची पेढी आधी उभी करा, एखाद्या छोट्या भागात करून बघा, मग कायदा करा. नाहीतर शेतकरी सावकाराच्या तावडीतून निघून सरकारचं कूळ होईल. लोकांचं मत मागवा ही मागणीही सरकारी बहुमतानं फेटाळली. तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृहातून उठून गेले. आज सभात्याग रोजचा झालाय. १९०१ मध्ये गव्हर्नरसमोरून उठून जाणं ही साधी गोष्ट नव्हती. विधेयक अर्थातच मंजूर झालं. सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असलं की विक्रीसाठी, कर्जासाठी किती हेलपाटे पडतात हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्या शर्तीचं मूळ शोधत गेलं तर ते १९०१ च्या या दुरुस्तीपर्यंत जातं.

त्याच वर्षाच्या शेवटी मेहतांच्या जागी गोखले कलकत्त्याच्या मोठ्या कायदे कौन्सिलात गेले. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड कर्झन. सदस्यांत सरकारी अधिकाऱ्यांचं बहुमत. अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. १८९२ च्या कायद्यानं एवढंच दिलं होतं की वर्षातून एकदा त्यावर बोलता येईल. एक पैसा कमी करता येत नाही, एक पैसा वाढवता येत नाही. बोला आणि बसा.

२६ मार्च १९०२ ला गोखले तिथं पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. अर्थखात्याचे सदस्य सर एडवर्ड लॉ यांनी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती. सलग चौथ्या वर्षी शिल्लक. त्या आधीच्या बोलणाऱ्यांनी अभिनंदन केलं होतं. सरकार खूश होतं. देशात दोन दुष्काळ, वर प्लेग, आणि तिजोरी भरलेली! गोखल्यांनी अभिनंदन करायला नकार दिला. रयत उपाशी आणि खजिना तुडुंब, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर हिशेबात कुठं तरी खोट आहे, हा त्यांच्या भाषणाचा गाभा.

खोट कुठं होती, ते समजायला रुपयाची गोष्ट सांगावी लागते. ती थोडी किचकट आहे पण शेतकऱ्याला अवघड नाही, कारण भाव पडणं-चढणं त्याला रोजचं आहे. तेव्हा रुपया चांदीचा आणि विलायतेचा पौंड सोन्याचा. जगात चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरला. एके काळी दोन शिलिंगांच्या, म्हणजे २४ पेन्सच्या आसपास असणारा रुपया १८९४-९५ मध्ये १३ पेन्सवर आला. सरकारला दरवर्षी विलायतेला पेन्शनी, व्याज, फौजेचा आणि इंडिया ऑफिसचा खर्च असे १ कोटी ७० लाखांवर पौंड धाडावे लागत. रुपया पडला की तेवढ्याच पौंडाला जास्त रुपये लागणार. मग सरकारनं काय केलं? कर वाढवले. १८८६ मध्ये प्राप्तिकर आणला, १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये केला, पुढं आयात मालावर जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावर कर बसवला. संकट आहे, रुपया पडलाय, म्हणून सोसा, असं सांगितलं.

दुसरीकडं १८९३ च्या जूनमध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्याआधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. ते बंद झालं, रुपये कमी पडू लागले आणि रुपयाचा भाव हळूहळू चढून १६ पेन्सवर गेला. १३ पेन्स असताना एका पौंडाला साडेअठरा रुपयांच्या आसपास लागायचे, १६ पेन्स झाल्यावर बरोबर १५. पौंडामागं साडेतीन रुपये वाचले. १ कोटी ७० लाखांशी गुणाकार केला की रक्कम पाच-सहा कोटींच्या घरात जाते. म्हणजे ज्या संकटासाठी कर वाढवले ते संकट सरलं होतं, कर मात्र तसेच राहिले. शिल्लक आली ती तिथून. रयतेच्या भरभराटीतून नव्हे.

यात आणखी एक मार होता, तो कौन्सिलातल्या कागदांत कमी दिसायचा. गरिबाची बचत म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी. वाळे, गोठ, कमरेची साखळी. टांकसाळी चालू होत्या तोवर एक रुपया वजनाची चांदी म्हणजे जवळपास एक रुपया. टांकसाळी बंद झाल्यावर रुपया वर आणि चांदी खाली. दुष्काळात ती चांदी मोडायला काढली तेव्हा तिचा भाव पडलेला होता. रुपया सरकारनं वाचवला, वाळे मात्र गेले.

कर्झनसाहेबांनी आदल्या वर्षी सांगितलं होतं की माणशी वार्षिक उत्पन्न २७ रुपयांवरून ३० वर गेलंय. त्यावर देशात आणि विलायतेत वाद चालला होता, विल्यम डिग्बी या इंग्रजानंच आकडा बराच खाली आणून दाखवला होता. गोखल्यांनी सरासरीच्या भांडणात फार वेळ घालवला नाही. मिठाचा खप बघा म्हणाले. श्रीमंत काय नि गरीब काय, मीठ सगळ्यांना लागतं. लोक सुधारत असतील तर खप वाढायला हवा, तो माणशी कमी होत होता. त्याला जोडून जुन्या प्रांतांतलं पेऱ्याखालचं क्षेत्र आणि मृत्यूचं प्रमाण हेही सरकारच्याच अहवालांतून मांडलं. फौजेवरही बोलले. हिंदुस्थानातली फौज दक्षिण आफ्रिकेच्या आणि चीनच्या लढाईला पाठवली आणि इकडं काही बिघडलं नाही, याचा अर्थ इतक्या फौजेची इथं गरज नव्हती, मग तिचा बोजा इथल्या शेतकऱ्यानं का उचलावा?

हिंगोलीचा या सगळ्याशी काय संबंध, असं कोणी विचारेल. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. कलकत्त्याच्या कौन्सिलात इथला माणूस नाही. चलनही वेगळं, निजामाचा हाली सिक्का, इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणायचे. पण मीठ इथं पिकत नव्हतं. ते इंग्रजी मुलखातल्या आगरांतून यायचं आणि त्यावरचा कर आगरावरच वसूल व्हायचा. निजामाच्या रयतेनं इंग्रजाला शेतसारा दिला नसेल, मिठाचा कर मात्र प्रत्येक भाकरीबरोबर दिला. फौजेचंही तसंच. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. या फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड काढून घेतला गेला. गोखल्यांचं भाषण झालं त्याच १९०२ च्या नोव्हेंबरात कर्झननं निजामाशी नवा करार केला, वऱ्हाड वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेतला आणि कंटिन्जंट पुढच्या वर्षी इंग्रजी फौजेत विलीन झाली. हिंगोलीची छावणी उठली.

भाषण संपलं. मतदान नव्हतंच, त्यामुळं जिंकणं-हरणं नाही. पण इंग्रजी पत्रांनीही दखल घेतली. पुढच्याच अर्थसंकल्पात, १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीच रुपयांवरून २ रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १००० वर गेली. गोखल्यांनी या दोन्ही मागण्या केल्या होत्या. सरकारनं त्यांच्यामुळंच केलं असं म्हणणं जास्तीचं होईल, सात कोटी शिल्लक असताना काहीतरी सोडणं सरकारला भागच होतं. पण मागायचं काय, हे त्यांनी नेमकं सांगितलं होतं. ते गप्प बसले नाहीत. दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा उभे राहायचे, पुन्हा मीठ, पुन्हा फौज, पुन्हा शेतसारा. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला, १९०७ मध्ये एक रुपया. कर उतरला तसा खप वाढला आणि तो आकडाही ते सरकारला ऐकवत राहिले.

बाकीचं आयुष्य सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. १९०५ मध्ये १२ जूनला पुण्यात भारत सेवक समाज काढला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. टिळकांशी त्यांचं पटलं नाही, १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. टिळक लोकांत राहिले, गोखले कागदांत राहिले, असं सोपं करून सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मिठाचा कर कमी झाला तो लोकांच्याच ताटात गेला.

१९१२ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले, तिथल्या हिंदी मजुरांची हालत गांधींबरोबर फिरून पाहिली. करारावर मजूर परदेशी नेण्याच्या पद्धतीविरुद्ध त्यांनी कौन्सिलात ठराव मांडले. त्यांचं सगळ्यात मोठं अपयश म्हणजे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. १६ मार्च १९११ ला मांडलं आणि वर्षभरानं, १९ मार्च १९१२ ला, ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्यात पैशाचा सवाल होताच. शाळांवर खर्च करायला सरकारकडं पैसा नाही, हे उत्तर त्यांनी ऐकलं. ज्या माणसानं दहा वर्षं त्याच सरकारच्या शिलकीचे आकडे मोजले होते, त्याला हे ऐकताना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. विरोधात मत देणाऱ्यांत सरकारी अधिकारी तर होतेच, पण काही हिंदी जमीनदारही होते. शेतमजुराचं पोरगं शाळेत गेलं तर शेतावर कोण येणार, ही भीती तेव्हाचीच आहे.

मधुमेहानं त्यांना पोखरलं होतं. तरी सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनवर ते शेवटपर्यंत काम करत राहिले. १९१४ मध्ये सरकारनं ‘सर’ ही पदवी देऊ केली, ती घेतली नाही. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात ते गेले. वय ४८. टिळक सिंहगडावर होते, बातमी कळताच ते पुण्यात आले आणि स्मशानात गोखल्यांबद्दल आदरानं बोलले. मागं दोन मुली राहिल्या.

मिठावरचा एक रुपयाचा कर त्यांच्यानंतर वर्षभर टिकला. १९१६ मध्ये लढाईच्या खर्चापायी तो सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये सरकारनं तूट दाखवून तो पुन्हा अडीच रुपयांवर नेला. तोवर दिल्लीत निवडून आलेली विधानसभा होती आणि तिला मत द्यायचा अधिकारही होता. तिनं ही वाढ फेटाळली. व्हाईसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ती लागू केली. पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, कर परत सव्वा रुपयावर आणावा लागला.